कांद्यावरील विकिरण प्रक्रिया : उपयोग, मर्यादा आणि सुरक्षितता

प्रकाश, रेडिओ लहरी, क्ष-किरण आणि गॅमा किरण ही सारी विद्युतचुंबकीय प्रारणेच आहेत. त्यांपैकी गॅमा किरणांचा वापर साठवणीतील कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून करतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगाव (जि. नाशिक) येथे उभारलेल्या ‘कृषक’ प्रकल्पात त्यासाठी कोबाल्ट-६० वापरतात.

उपयोग व मर्यादा
• साधारण ६० ते ९० ग्रे मात्रेने कोंबाच्या पेशींची वाढ थांबते.
• सड आणि वजनातील घट मात्र थांबत नाही. त्यामुळे कांदा नीट सुकवून, प्रतवारी करून हवेशीर चाळीतच ठेवावा.
• प्रक्रिया काढणीनंतर लवकर, कांदा सुप्तावस्थेत असतानाच करावी. आत कोंब सरकू लागल्यास फायदा कमी होतो.
• बीजोत्पादनासाठी राखलेल्या कांद्यावर ही प्रक्रिया करू नये. तो पुन्हा फुटत नाही.

आरोग्य
कांदा किरणोत्सारी होत नाही. किरण त्यातून आरपार जातात. कोबाल्टचा त्याला स्पर्शही होत नाही. १०,००० ग्रेपर्यंत प्रक्रिया केलेले अन्न खाण्यास सुरक्षित असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने १९८० मध्ये दिला आहे.

खरा धोका उघड्या स्रोताजवळ जाणाऱ्या माणसाला आहे. काही ग्रे मात्राही जिवावर बेतू शकते. म्हणून स्रोत जाड काँक्रीटच्या भिंतींआड असतो. माल घेऊन गेल्यावर धोक्याच्या फलकापुढे जाऊ नका. सोबतच्या हमालांना व चालकांनाही तसे बजावा.