उतेरा : धानामागून येणाऱ्या लाखोळीची कुळकथा

गोंदिया जिल्ह्यात भारी धान, म्हणजे उशिरा निसवणारा आणि उशिरा पिकणारा धान, कापणीला येण्यापूर्वी दहा-पंधरा दिवस बांधीतील, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतातील, साचलेले पाणी काढून ओल्या चिखलावर उभ्या पिकातच लाखोळी या कडधान्याचे बी फोकून देण्याची रीत आहे आणि तिला उतेरा म्हणतात. या पेरणीला नांगर लागत नाही, वखर लागत नाही, पुढे पाण्याची पाळीही लागत नाही. बी धानाच्या सावलीत रुजते, विळ्याने कापणी होऊन कडपा उचलला गेला की ऊन मिळून फोफावते आणि मातीत उरलेल्या ओलीवरच माघ-फाल्गुनात दाण्यावर येते. पीक फेरपालट, म्हणजे एकाच जमिनीत निरनिराळ्या कुळांची पिके आळीपाळीने घेणे, या शब्दाने साधारणतः हंगामागून हंगामाचा क्रम डोळ्यांसमोर येतो. उतेऱ्यात मात्र एक पीक दुसऱ्याच्या पायांशी उगवते आणि दोहोंमध्ये जमीन एक दिवसही उघडी पडत नाही.

या जोडीतील दोन्ही पिकांची घराणी वेगळी आहेत. धान हे पावसाळी, दलदलीत रमणारे पीक, तर लाखोळी भूमध्य समुद्राभोवतीच्या आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या प्रदेशातून आलेली, हिवाळी. भारतात तिचे वास्तव्य जुने आहे. नर्मदाकाठच्या नावडातोली येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीच्या उत्खननात गहू, मसूर आणि जवसाबरोबर तिचेही दाणे सापडले आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील शेतीविषयक प्रकरणात पिकांची विभागणी पेरणीच्या काळानुसार केलेली असून त्यात भाताचे प्रकार आधी, तर मसूर, कुळीथ, गहू, जव आणि जवस ही पिके शेवटी पेरायची म्हणून सांगितली आहेत. म्हणजे पावसाळी आणि हिवाळी पिकांचा हा क्रम तेव्हाच शास्त्रात बसलेला होता. झाडीपट्टीत, म्हणजे गोंदियासह पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात, त्याला तलावांची साथ मिळाली. नवेगावबांधसारखे तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाने पाऊस ओसरल्यावरही भारी धानाला पाणी पोहोचवण्याची सोय केली आणि त्यामुळे कापणीच्या वेळी बांधीत जी ओल उरली, तिच्यावरच लाखोळी, हरभरा, जवस, पोपट (वालाचा एक प्रकार) ही पिके निघू लागली. धुऱ्यावर तूर लावण्याची येथील चालही याच काटकसरी बुद्धीची आहे.

या क्रमाने मातीत काय घडते, हे समजण्यासाठी धानाखालची माती आधी पाहावी लागते. रोवणीपूर्वी चिखलणी करताना मातीचे कणसमूह मोडले जातात, पाणी मुरण्याच्या वाटा बुजतात आणि नांगराच्या तासाखाली एक घट्ट थर बसतो. धानाला हे हवेच असते, कारण त्यामुळेच पाणी टिकते. पण पाण्याखाली गेलेल्या मातीतील प्राणवायू थोड्याच अवधीत संपतो आणि तेथील सूक्ष्मजीवांचा सारा कारभार बदलतो. श्वसनासाठी प्राणवायू न मिळालेले जिवाणू प्रथम नायट्रेट वापरतात, मग मँगेनीज, मग लोह, मग सल्फेट, आणि अखेरीस मिथेन वायू तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांची पाळी येते. बांधीतील चिखल कापून पाहिला तर हा क्रम नुसत्या डोळ्यांनाही दिसतो : पाण्याला लागून काही मिलिमीटरचा तपकिरी पापुद्रा, त्याखाली निळसर राखाडी माती, आणि त्या राखाडी मातीत धानाच्या मुळांभोवती गंजाच्या रंगाच्या रेघा, कारण धान आपल्या पोकळ देठांतून मुळांपर्यंत हवा नेतो आणि तिथे लोह पुन्हा गंजते. या अवस्थेचे फायदेही आहेत. लोहाशी जखडलेला स्फुरद मोकळा होतो, आणि संशोधक पी. के. डे यांनी 1939 मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे पाण्यावरचे नील-हरित शेवाळ हवेतील नत्र स्थिर करते. मात्र जस्ताची उपलब्धता घटते, आणि मुळांना स्फुरद पुरवणाऱ्या, हवेवर जगणाऱ्या सहजीवी बुरशी मागे पडतात.

पाणी उतरले आणि लाखोळी रुजली की या मातीत दुसरी वस्ती येते. कोरडी होताना माती भेगाळते, हवा आत शिरते, अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू कामाला लागतात, सहजीवी बुरशींना पुन्हा मुळे मिळतात. यातील सर्वांत देखणे काम गाठींत चालते. पौषात लाखोळीचे रोप अलगद उपटून मुळावरची गाठ नखाने फोडली तर आत गुलाबी रंग दिसतो. तो माणसाच्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या जवळच्या नात्यातील द्रव्याचा असतो, आणि त्याचे काम एवढेच की नत्र स्थिर करणाऱ्या, प्राणवायूने निकामी होणाऱ्या विकराला धक्का न लावता रायझोबियम जिवाणूंना श्वसनापुरता प्राणवायू मोजून पोहोचवायचा. पांढरी गाठ काम करत नसते, हिरवट गाठीचे काम संपलेले असते. जर्मन शास्त्रज्ञ हेलरीगेल यांनी 1886 मध्ये शेंगावर्गीय पिकांच्या गाठींचे हे रहस्य जाहीर केले, विल्फार्थ यांच्यासह 1888 मध्ये सविस्तर मांडले, आणि त्याच वर्षी बायरिंक यांनी गाठीतील जिवाणू वेगळा काढला. तोवर बांधीतील हा व्यवहार शतकानुशतके चालत आलेला होता. दाणे घरी गेले तरी मुळे, गाठी आणि झडलेला पाला मातीतच राहतो, आणि त्यांतील नत्र पुढच्या धानाला मिळतो.

इतक्या गुणी पिकाच्या वाट्याला बदनामीही आली. भावप्रकाश या 16 व्या शतकातील ग्रंथात त्रिपुट नावाने आलेले हे कडधान्य माणसाला पांगळे करते असे म्हटले आहे, आणि इंग्रज अधिकारी स्लीमन यांनी 1844 मध्ये सागर भागातील पांगळेपणाची नोंद करताना गहू बुडाल्यावर लोक याच दाण्यावर जगले हे कारण दिले. दाण्यातील ओडीएपी नावाचे द्रव्य मज्जापेशींना इजा करते. पण बाधा होते ती दुसरे काही न मिळाल्याने महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून हेच खाल्ल्याने. दोष पिकाइतकाच दुष्काळाचा आणि दारिद्र्याचा होता, ही गोष्ट लाखोळीवर आलेल्या 1961 च्या विक्रीबंदीत झाकली गेली. महाराष्ट्राने 2008 मध्ये बंदी उठवली आणि ओडीएपीचे प्रमाण कमी असलेले रतन, प्रतीक यांसारखे वाण आले, तोवर बाजारातील तिची पत बरीच गेली होती.

मोठा आघात मात्र पाण्याने केला. गाढवी नदीवरील इटियाडोह धरण आणि बाघ प्रकल्प यांचे पाणी ज्या बांध्यांना मिळते तेथे खरिपाच्या धानामागून उन्हाळी धान येऊ लागला. हमीचे पीक आणि ठरलेला भाव असताना शेतकऱ्याने तो घेणे साहजिकच आहे. पण त्यामुळे माती वर्षातून दोनदा चिखलली जाते, बराच काळ पाण्याखाली राहते, आणि खोडकिडा व गादमाशी यांसारख्या किडींना खंड न पडता आसरा मिळतो. कापणी यंत्राने होऊ लागल्यावर ओल्या बांधीत चाके रुतून कोवळी लाखोळी चिरडली जाते, म्हणून कालव्यापासून दूर, जेथे विळा अजून चालतो तेथेच उतेरा विशेष टिकून आहे. यजमान पीक वर्षानुवर्षे न मिळाल्यास मातीतील त्या पिकाचे रायझोबियमही विरळ होत जातात. म्हणून धानावर धान घेतलेल्या बांधीत पुन्हा कडधान्य पेरायचे झाल्यास, पूर्वी मातीतच असलेला हा जिवाणू आता संवर्धकाच्या पाकिटातून आणून, गुळाच्या पाण्यात कालवून, पेरणीपूर्वी बियाला चोळावा लागतो आणि ते बी सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे लागते.