विषबाधेतील स्नायुस्फुरण आणि ऐच्छिक हालचालींचा लोप

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करणारे शेकडो शेतकरी व मजूर विषबाधेने आजारी पडले; त्यांपैकी विसांहून अधिक दगावले. वापरातील औषधांत ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील मोनोक्रोटोफॉसही होते. या वर्गाच्या विषाने मज्जातंतू व स्नायू यांच्या संधिस्थानी ॲसिटिलकोलीन साचते आणि रोग्याच्या इच्छेवाचून पापण्यांत, छातीवर, मांड्यांत बारीक स्फुरण सुरू होते. पाहणाऱ्याचे लक्ष तेथेच खिळावे, हे स्वाभाविक होय.

पुण्याचे डॉ. आर. एस. वाडिया व त्यांचे सहकारी यांनी मात्र १९७४ सालीच अशा विषबाधेच्या लक्षणांचे दोन प्रकार पाडले होते. पहिला रोगी दाखल होताच दिसणारा. स्फुरण त्यातच मोडते. दुसरा मागाहून उद्भवणारा व ॲट्रोपीनला दाद न देणारा. यात लोप होतो तो ऐच्छिक हालचालींचा. रोगी शुद्धीवर असूनही त्याला उशीवरून मान उचलता येत नाही. पुढे श्वासही अडतो. (श्वसन आपोआप चालत असले, तरी त्याचे स्नायू ऐच्छिक स्नायूंच्याच जातीचे आहेत, हे विद्यार्थी पुष्कळदा विसरतात.) श्रीलंकेतील सेनानायके व करल्लियड्डे यांनी १९८७ मध्ये हीच अवस्था ‘मधली अवस्था’ म्हणून मांडली आणि जगात तेच नाव रूढ झाले. वाडियांचे वर्णन त्याआधी तेरा वर्षांचे, हे सहसा सांगितले जात नाही.

ही अवस्था विषबाधेनंतर साधारणतः एक ते चार दिवसांत येते. तोवर स्फुरण ओसरलेले असू शकते. म्हणून रोग्यास मान उचलावयास सांगणे, ही खाटेपाशी करावयाची पहिली परीक्षा ठरते.