चेटकिणीची शिकवणी : सुधा करमरकर आणि मराठी बालरंगभूमी



मराठी घरांनी चेटकिणीला दोनच कामे दिली. जेवत नसलेल्या मुलाला भिववायचे आणि गोष्टीच्या शेवटी हरायचे. तिच्या हाताखाली एखादे पोर शहाणे झाले, अशी गोष्ट आपल्या आज्यांनी सहसा सांगितली नाही. तरी डिचोली-पेडण्याच्या माणसाला भय आणि आधार एकाच ठिकाणी पाहण्याची सवय आहे. आपला देवचार गावची सीम राखतो, रात्री वाट चुकलेल्याला घरी पोचवतो आणि आगळीक झाली तर शिक्षाही करतो. ज्याचा धाक, त्याचाच आसरा. केळबायच्या या मुळगावात हे समजावून सांगायला नको.

अशी धाकाची आणि आसऱ्याची चेटकीण मराठी रंगभूमीला १९५९ साली मिळाली. सुधा करमरकर यांनी मुंबई मराठी साहित्य संघाच्या साहाय्याने ‘लिट्ल थिएटर’ ही बालरंगभूमी उभी केली आणि रत्नाकर मतकरी या जेमतेम विशीतल्या लेखकाचे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले. दिग्दर्शन सुधाताईंचे, आणि चेटकिणीची भूमिकाही त्यांचीच. त्या माहेरच्या आमोणकर, मूळच्या गोव्याच्या, मंगेशीच्या उपासक घराण्यातल्या. आडनावातले आमोणे आपल्याच डिचोली तालुक्यात आहे, याचा अभिमान आपण जरूर बाळगावा.

त्याआधी मुलांचे नाटक म्हणजे मुख्यतः शाळेचे स्नेहसंमेलन. पाठांतर झाले की पुरे, चुकले तर कौतुकाने हसायचे. सुधाताई पार्वतीकुमारांकडे भरतनाट्यम् शिकलेल्या होत्या; मुलांच्या रंगभूमीचा अभ्यास त्यांनी अमेरिकेत केला होता. मुलांसाठीचे नाटक मोठ्यांच्या नाटकाइतक्याच तयारीने झाले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. नेपथ्य, वेशभूषा, प्रकाश, नृत्य, सगळे चोख.

हा काटेकोरपणा हौसेचा नव्हता. जादूच्या नाटकात दिवा क्षणभर उशिरा लागला, तर जादू तिथेच मरते. मोठा प्रेक्षक शिष्टाचार म्हणून टाळी देतो, मूल देत नाही. ते सरळ शेजाऱ्याशी बोलू लागते. मुलाला फसवता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी कमी दर्जाचे करायचे नाही, असा या शिस्तीचा अर्थ होता.

या शिस्तीत पोरे कोमेजली का? भक्ती बर्वे यांचे उदाहरण पुरेसे आहे. त्यांच्या अभिनयाची सुरुवात लहान वयात याच लिट्ल थिएटरमध्ये झाली. पुढे १९७५ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’त त्यांनी मंजुळा उभी केली. कठोर गुरूच्या हाती सापडलेली आणि शेवटी त्याच्यासमोर ताठ मानेने उभी राहणारी ती मुलगी. धाकात वाढलेल्याला स्वतःचा आवाज सापडू शकतो. अट एवढीच, की धाक कामाचा असावा, माणसाचा नसावा.

मतकरींनीही चेटकिणीला सोडले नाही. त्यांच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली आणि २०१८ मध्ये वैभव मांगले यांच्या रूपाने ती नव्या पिढीसमोर आली. त्याच वर्षी फेब्रुवारीत सुधाताई गेल्या.

आता आपल्याकडे पाहू. जत्रा-कालोत्सवात देवळासमोर रंगमंच उभा राहतो, त्याला घराण्यांचा आश्रय असतो, तालमींना वडीलधारे बसतात. मुलांच्या वाट्याला मात्र अजूनही स्नेहसंमेलनातली दहा मिनिटे येतात. मंच आहे, पोरे आहेत, नाटकाची परंपरा तर आहेच. उणीव आहे ती तालमीला रोज वेळेवर येऊन बसणाऱ्या आणि ‘पुन्हा करा’ म्हणणाऱ्या माणसाची. ते काम पैशाने होत नाही. आपल्या घरांतून असा एक जरी हट्टी माणूस पुढे आला, तरी आमोणकरांच्या त्या लेकीचे काम मांडवीच्या या तीरावर सुरू होईल.