द्विनाम पद्धती

द्विनाम पद्धती : सजीवांच्या प्रत्येक जातीला लॅटिन किंवा लॅटिन रूप दिलेल्या दोन शब्दांचे नाव देण्याची पद्धती. पहिला शब्द वंशाचा (प्रजातीचा) व दुसरा जातीचा निदर्शक असतो, उदा., मँजिफेरा इंडिका (आंबा). एकाच वनस्पतीस प्रदेशपरत्वे निरनिराळी नावे असतात व एकच नाव कित्येकदा भिन्न वनस्पतींना लावले जाते. औषधी वनस्पतींच्या बाबतीत असा घोटाळा जीवावर बेतू शकतो. म्हणून सर्वमान्य नावांची गरज भासू लागली.

प्रारंभी नाव व वर्णन यांत भेद नव्हता. इसबगोलाच्या वंशातील एका यूरोपीय जातीचे नाव ‘अंडाकृती-भालाकृती लवदार पाने, दंडगोलाकार कणिश व गोल दांडा असलेली प्लँटॅगो’ अशा अर्थाचे होते. नवी जाती सापडली की, वेगळेपण दाखविण्यासाठी अशी नावे लांबवावी लागत. गास्पार बोअँ यांनी १६२३ मध्ये सु. ६,००० वनस्पतींची विखुरलेली पर्यायी नावे एकत्र केली. त्यांची अनेक नावे आटोपशीर होती. तथापि नाव दोनच शब्दांचे असावे, असा नियम नव्हता.

हे कार्य स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनीअस (१७०७–७८) यांनी केले. स्पीशीज प्लँटॅरम (१७५३) या ग्रंथात त्यांनी लांब वर्णनाशेजारी समासात एकेक सुटसुटीत शब्द दिला. वरील वनस्पती प्लँटॅगो मेडिया झाली. मलबारच्या वनस्पतींवरील हॉर्टस मलबारिकस (१६७८–९३) या बारा खंडांच्या लॅटिन ग्रंथाचा त्यांनी उपयोग केला. त्यातील ‘एलेंगी’ हे मलयाळम् नाव बकुळीच्या मिमुसॉप्स एलेंगी या नावात टिकून आहे. या ग्रंथाच्या सिद्धतेत इट्टी अच्युतन या वैद्यांचा तसेच रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या कोकणी ब्राह्मणांचा सहभाग होता. या तिघांचे देवनागरीतील कोकणी प्रमाणपत्र ग्रंथात छापलेले आहे.

नावे सुटसुटीत झाली, तरी एकाच जातीला अनेकांनी दिलेल्या नावांपैकी ग्राह्य कोणते, हा प्रश्न उरला. त्यासाठी प्राण्यांकरिता १८४२ मध्ये व वनस्पतींकरिता १८६७ मध्ये नियम तयार झाले. पुढे वनस्पतींसाठी १७५३ व प्राण्यांसाठी १७५८ ही आरंभवर्षे ठरली. आधी प्रसिद्ध झालेले नाव ग्राह्य धरावे आणि प्रत्येक नाव एका प्ररूपाशी (प्रमाण नमुन्याशी) कायमचे जोडावे, ही दोन तत्त्वे रूढ झाली. वंशाची विभागणी झाल्यास प्ररूप ज्या गटात जाईल, त्याच गटाकडे मूळ नाव राहते.

बाभळीच्या बाबतीत मात्र याला अपवाद करण्यात आला. ‘ॲकेशिया’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, तो प्राचीन काळी बाभळीलाच लावीत. वंशाचे प्ररूपही तीच होती. या वंशातील जाती एकाच पूर्वजापासून आलेल्या नाहीत, असे डीएनएच्या अभ्यासातून दिसून आल्यावर त्याची विभागणी अटळ ठरली. ऑस्ट्रेलियाकडील सु. १,००० जातींची नावे बदलणे टाळावे म्हणून २००५ मध्ये व्हिएन्ना येथील काँग्रेसमध्ये ऑस्ट्रेलियातील जाती प्ररूप ठरविण्यात आली. २०११ मध्ये मेलबर्न येथे हा निर्णय वादानंतर कायम राहिला. परिणामी बाभूळ व्हॅचेलिया निलोटिका व खैर सेनेगॅलिया कॅटेचू झाला. जुने ग्रंथ व वनस्पतिसंग्रह यांत पूर्वीचीच नावे असल्याने पर्यायी नावांची नोंद आजही आवश्यक ठरते. शास्त्रीय नाव हे वर्णन नसून संकेत आहे; त्याचे स्थैर्य अभ्यासकांच्या संमतीवर अवलंबून असते.