कोयनेल की आर्टेसुनेट? १४६१ रुग्णांनी दिलेला निकाल

पावसाळ्यात ताप आला की आपल्याकडे ठरलेलं वाक्य असतं, "एक सलाईन लावा, एक सुई मारा, उतरंल." साध्या तापाला ते चालून जातं. पण मलेरिया डोक्यात गेला, माणूस बरळायला लागला, झटके आले, तर सुई कोणती यावर जीव अवलंबून असतो. म्हणून या सुईचा इतिहास फाट्यावरच्या माणसालाही माहीत पाहिजे.

सुरुवात आपल्याच जुन्या राज्यातली आहे. परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. त्याच मुलखातल्या सिकंदराबादच्या इंग्रज छावणीत रोनाल्ड रॉस हा लष्करी डॉक्टर डास चिरून बघत बसायचा. २० ऑगस्ट १८९७ ला त्याला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला. पुढं १९०२ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

ताप कशानं येतो ते कळलं, पण औषध जुनंच राहिलं. ते म्हणजे क्विनाईन, जुन्या माणसांच्या भाषेत कोयनेल. दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाच्या सालीतून ते १८२० मध्ये वेगळं काढलं गेलं. इंग्रजांनी निलगिरी आणि दार्जिलिंगला सिंकोनाचे मळे लावले, पोस्टातून पुड्या विकल्या. कडू जहर, पण गुणकारी. पुढं डीडीटीची फवारणी आली, क्लोरोक्विन आलं. मग जंतू क्लोरोक्विनलाही जुमानेना. भारतात ते पहिल्यांदा १९७३ मध्ये आसामात दिसलं. गंभीर रुग्णाला मात्र सलाईनमधून क्विनाईनच दिलं जायचं.

क्विनाईननं लाखो जीव वाचवले, यात वाद नाही. पण ते सांभाळून द्यावं लागतं. घाईनं शिरेत गेलं तर हृदयावर ताण येतो, म्हणून सलाईनमधून तासन्‌तास सोडायचं, तेही दर आठ तासांनी. शिवाय रक्तातली साखर एकदम खाली येऊ शकते. बेशुद्ध माणसाची साखर उतरली तर ते बाहेरून कळतही नाही.

दुसरीकडं चीनमध्ये १९६७ पासून मलेरियावर गुप्त सरकारी संशोधन सुरू होतं. तू यूयू या बाईंनी जुन्या वैद्यक ग्रंथांतून एक वनस्पती शोधली. आपण चैत्रात देवाला वाहतो त्या दवण्याच्याच जातकुळीतली. तिच्यातून आर्टेमिसिनीन निघालं आणि त्यापासून आर्टेसुनेटची सुई तयार झाली. २०१५ मध्ये तू यूयूंना नोबेल मिळालं.

आता प्रश्न आला, दोन्हींत सरस कोणतं? "माझा अनुभव असा" म्हणून हे ठरत नाही. बांगलादेश, म्यानमार, इंडोनेशिया आणि भारतात १४६१ गंभीर रुग्णांवर तुलना झाली. भारतातलं केंद्र ओडिशातल्या राउरकेलाला होतं. कुणाला कोणतं औषध, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं, म्हणजे डॉक्टरची मर्जी मधे येत नाही. २००५ मध्ये निकाल आला. क्विनाईनच्या ७३१ पैकी १६४ रुग्ण दगावले, आर्टेसुनेटच्या ७३० पैकी १०७. सरळ हिशोब करा, साधारण तेरा रुग्णांमागं एक जीव जास्त वाचला.

लहान लेकरांचं काय? आफ्रिकेतल्या ९ देशांत ५४२५ मुलांवर तुलना झाली, निकाल २०१० मध्ये आला. क्विनाईनवर १०.९ टक्के मुलं गेली, आर्टेसुनेटवर ८.५ टक्के. तिथंही कौल आर्टेसुनेटलाच.

कारण साधं आहे. जंतू कोवळा असतानाच आर्टेसुनेट त्याला मारतं, मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांत तो अडकून बसायच्या आत. क्विनाईनचा मार जंतू मोठा झाल्यावर बसतो. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्यांसाठी आणि मग मुलांसाठीही आर्टेसुनेटलाच पहिली पसंती दिली. ते नसेल तरच इतर औषधं.

कुणी म्हणेल, हे गडचिरोलीचं दुखणं, आपल्याला काय? मंडळी, आपली माणसं ऊसतोडीला, बांधकामाला बाहेर जातात. ताप गाडीत बसून गावी येतो. परगावाहून आलेल्या माणसाला ताप असेल तर कुठून आला ते डॉक्टरला आधी सांगा आणि रक्त तपासून घ्या. बरळणं, झटके, कावीळ, धाप, काळसर लघवी, उठून बसता न येणं, यातलं काहीही दिसलं तर गावात सलाईन लावत बसू नका, थेट सरकारी दवाखाना गाठा. ही सुई दंडात-मांडीतही देता येते, म्हणून पहिला डोस देऊन रुग्णाला मोठ्या दवाखान्यात पाठवता येतं. शुद्धीवर आल्यावर तीन दिवसांच्या गोळ्यांचा कोर्स पुरा करायचाच. अर्धवट सोडला तर क्लोरोक्विनचं जे झालं तेच याचं होईल. आग्नेय आशियात आणि आफ्रिकेत तशी चिन्हं दिसलीच आहेत.

आणि एक काम आपल्या सगळ्यांचं. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात आर्टेसुनेटची इंजेक्शनं आज शिल्लक आहेत का, हे ग्रामसभेत विचारा. औषध कोणतं चांगलं हा वाद वीस वर्षांपूर्वीच मिटलाय. ते रात्री दोन वाजता कपाटात असतं का, एवढाच प्रश्न उरलाय.