सर्व्हरवरील स्क्रिप्टांचे शोधमार्ग : एक ऐतिहासिक विवेचन

ग्रंथाचे नाव एक आणि पोथ्या अनेक, ही अडचण इतिहाससंशोधकास नवीन नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 1909 मध्ये ज्ञानेश्वरीची आवृत्ती प्रसिद्ध केली, तेव्हा एकनाथांनी शके 1506 मध्ये शुद्ध केलेल्या परंपरागत पाठाऐवजी त्याहून प्राचीन वाटलेली पोथी त्यांनी प्रमाण मानली. 1926 च्या अखेरीस त्यांचे धुळ्यास निधन झाले. पुढील वर्षी तेथेच त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले. कोणती पोथी प्रथम उघडावी, याचा विवेक अभ्यासक स्वतः करतो. यंत्रास मात्र तो आगाऊ नेमून द्यावा लागतो.

जळगाव येथील विद्यापीठ 1990 मध्ये स्थापन झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1993 मध्ये, वेब सर्व्हरने स्वतंत्र प्रोग्रॅम चालवून पान सिद्ध करण्याची सीजीआय ही पद्धत पुढे आली. अशा स्क्रिप्टेस दुसरे मॉड्यूल हवे असल्यास ती बहुधा केवळ त्याचे नाव सांगते. भाषेचा इंटरप्रीटर नेमलेल्या डिरेक्टऱ्यांच्या यादीत क्रमाने शोध घेतो आणि त्या नावाची जी फाइल प्रथम आढळेल तीच चालवितो. म्हणजे यादीतील क्रम हाच प्रामाण्याचा क्रम ठरतो.

यातून पहिली अडचण उद्भवली ती स्थानभेदाची. लेखकाने स्वतः चालविलेली पायथन स्क्रिप्ट सुरळीत चालते; तीच सर्व्हरकडे सोपविली की मॉड्यूल सापडत नाही. याचे कारण असे की, सर्व्हर निराळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो, त्याची चालू डिरेक्टरी निराळी असते आणि लेखकाने आपल्या लॉगिनपुरते ठरविलेले मार्ग त्यास ठाऊक नसतात.

दुसरी अडचण अधिक गंभीर होती. पर्लच्या यादीत शेवटचे स्थान दीर्घकाळ चालू डिरेक्टरीस होते. एखादे ऐच्छिक मॉड्यूल अन्यत्र न मिळाल्यास शोध तेथवर पोहोचे. आणि ती डिरेक्टरी इतरांस लिहिण्यास खुली असल्यास परक्याने ठेवलेली फाइल प्रोग्रॅम चालविणाऱ्याच्या अधिकाराने चाले. 2016 मध्ये हा दोष सुरक्षादोष म्हणून नोंदला गेला आणि 2017 च्या 5.26 या आवृत्तीत ते स्थान काढून टाकण्यात आले. त्यामुळे काही जुन्या स्क्रिप्टा बंद पडल्या, तथापि हे मूल्य देणे अपरिहार्य होते. पीएचपीमध्ये तर दूरच्या सर्व्हरवरील फाइलही समाविष्ट करता येत असे. 2006 च्या 5.2 आवृत्तीत त्यासाठी वेगळी परवानगी आवश्यक ठरली व ती मुळात बंद ठेवण्यात आली. 2009 च्या 5.3 आवृत्तीत फाइलीस स्वतःच्या डिरेक्टरीचा थेट निर्देश करण्याची सोय मिळाली.

या इतिहासावरून तीन नियम निष्पन्न होतात. मार्ग चालू डिरेक्टरीवरून नव्हे, तर स्क्रिप्टेच्या स्वतःच्या स्थानावरून ठरवावा. यादीतील कोणत्याही डिरेक्टरीत वेब सर्व्हरच्या वापरकर्त्यास लिहिता येऊ नये. आणि संशय येताच, प्रत्यक्षात कोणती फाइल उघडली गेली हे पाहावे. पर्ल व पायथन या दोहोंत तशी नोंद उपलब्ध असते. नावावर विसंबून न राहता पोथीचा ठावठिकाणा नोंदवावा, हा संशोधनाचा दंडक येथेही तितकाच लागू पडतो.