हिरडा आणि ‘वलय’ शब्द

जुन्नर व आंबेगांव तालुक्यांच्या पश्चिमेस, नाणेघाटापासून आहुप्याच्या कड्यांपर्यंत, हिरड्याचीं झाडें विपुल आहेत. उन्हाळ्यांत महादेव कोळी कुटुंबें त्यांचीं कोंवळीं फळें उतरवून वाळवितात. तोच बाजारांतला बाळहिरडा. हिराकसाबरोबर तो काळा रंग देतो, कातडें कमावण्यास उपयोगी पडतो आणि जिभेस तुरट लागतो. हा तुरटपणा टॅनिनांचा. टॅनिन फोडलें कीं गॅलिक आम्ल हातीं येतें; शेले ह्या स्वीडिश रसायनज्ञानें तें १७८६ सालीं माजूफळांतून मिळविलें.

गॅलिक आम्लाच्या रेणूंत सहा कार्बन अणूंचें कडें असतें. अशा कड्याची कल्पना केकुलेनें १८६५ सालीं बेंझिनासाठीं मांडली. बेंझिन मात्र फॅरडेनें १८२५ सालींच शोधिलें होतें. म्हणजे चाळीस वर्षें पदार्थ हातीं होता, आकृति नव्हती. मधल्या काळांत, १८५५ सालीं, हॉफमननें ह्या कुळांतील आम्लांस ‘ॲरोमॅटिक’, म्हणजे सुगंधी, हें विशेषण लाविलें, आणि तें चिकटलें तें चिकटलेंच. मराठींत त्याचें ‘सुगंधी संयुगें’ असें शब्दशः रूपांतर केल्यास हिरड्याचें आम्लहि त्याच पंक्तीस बसवावें लागेल, आणि बाळहिरडा तोंडांत धरलेला कोणीहि मनुष्य तें ऐकून हंसेल!

मग आकृतीवरून नांव द्यावें हें बरें. पण चक्र म्हणावें कीं वलय? चक्र फिरतें, शिवाय ‘कार्बनचक्र’ हा शब्द सृष्टींतील कार्बनाच्या येरझारेसाठीं रूढ आहे. एकाच पुस्तकांत दोन कार्बनचक्रें आलीं तर विद्यार्थ्यानें काय समजावें? वलय म्हणजे कंकण. तान्ह्याच्या पायांतील वाळा हा त्याचाच घरगुती अवतार. मराठी विश्वकोशानें ‘विषमवलयी’ हा शब्द स्वीकारला, तो आम्हांस सर्वथा योग्य वाटतो.

ह्या शब्दाची परीक्षा हिरड्यावरच घेतां येते. त्यांतील चेब्युलिनिक आम्लाच्या रेणूंत ग्लुकोजच्या गाभ्यास तीन गॅलिक गट जोडलेले असतात. गॅलिक गटाचें वलय सर्वस्वी कार्बनाचें, म्हणून समवलयी; ग्लुकोजच्या वलयांत पांच कार्बन व एक ऑक्सिजन, म्हणून विषमवलयी. मात्र वलयी म्हणजे ॲरोमॅटिक नव्हे. सायक्लोहेक्झेनहि सहा कार्बनांचें वलयच, पण त्यास बेंझिनाचा गुण नाहीं. तेव्हां ‘ॲरोमॅटिक’ हा शब्द आहे तसाच ठेवावा, असें आमचें मत आहे.

नांवांची भटकंती येथेंच थांबत नाहीं. चेब्युलिनिक आम्लाचें नांव हिरड्याच्या ‘टर्मिनॅलिया चेब्युला’ ह्या शास्त्रीय नांवावरून पडलें, आणि ‘चेब्युला’ हें काबूलचें रूप मानतात. आहुप्याच्या रानांतलें फळ प्रयोगशाळेंत गेलें कीं काबूलचें होतें तें असें.